टपावर दोन सायकली: मोजमापापासून पहिल्या फेरीपर्यंत

गाडीच्या टपावर सायकली न्यायच्या ठरलं की जो तो आधी बारच्या, म्हणजे टपावर आडव्या बसणाऱ्या दोन दांड्यांच्या, किमती पाहतो. आम्हीही तेच केलं आणि आठवडा घालवला. खरं तर बारचा नंबर बराच मागे लागतो. आधी आपला टप कोणत्या जातीचा ते पाहायचं, मग वजन, मग सायकलीची नळी, मग सायकल धरणारा ट्रे, त्यानंतर बार. आणि सगळ्यांत शेवटी, पण ज्याच्यावर सगळं अडतं ते, बार आणि टप यांना जोडणारं किट. पांढरकवड्याजवळच्या खेड्यात बसून हे जमवायला १२ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२५ असे पन्नास दिवस लागले. त्यातले एकवीस दिवस निव्वळ एका चुकीच्या आकड्यापायी गेले. तो आकडा पुढे येईलच.

गरज साधी होती. नागपूरच्या लांब राईड पहाटे सुटतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब राईडला, साडेतेरा तास मिळतात, पण आमच्याकडून नागपूरच दीडशे किलोमीटर. हॅचबॅकची मागची सीट पाडून, चाक काढून एक सायकल बसते. दुसरी कोंबली की डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो, आणि तो सरळ करून देणारा आमच्या तालुक्यात नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. पहिलं काम म्हणजे टप नीट पाहणं. उभी रेल असते, जिच्याखालून हात जातो. चिकटलेली रेल असते, जिच्याखाली फट नसते. काही गाड्यांना रबरी पट्टीखाली कंपनीनेच बोल्टाची भोकं दिलेली असतात. जुन्या जीपांना टपाच्या कडेला पत्र्याची पन्हळ असते. आणि उरलेल्यांचा टप उघडा. रेल दिसली म्हणून खूष होऊ नये, काही गाड्यांवरची रेल नुसती शोभेची असते आणि हाताने दाबली तरी हलते. ती भार घेते की नाही हे गाडीच्या पुस्तकातच पाहायचं. आमचा टप उघडा. अशा टपावर बारचे पाय दाराच्या चौकटीला धरतात. वरून रबराची गादी टपाच्या कडेवर बसते, आणि दार उघडून आतल्या बाजूने पत्र्याचा आकडा चौकटीच्या ओठाला अडकतो. दोन्ही एकमेकांकडे आवळले की पाय पक्का. भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही.

आमच्या पुस्तकात टपाचा भार ५० किलो दिलेला आहे. हा चालत्या गाडीचा भार, आणि त्यात बार, पाय, ट्रे सगळं धरायचं असतं. उभ्या गाडीचा टप याच्या कितीतरी पट सोसतो, म्हणून ‘टपावर दोन माणसं उभी राहिली तरी काही होत नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. वळणावर आणि ब्रेक मारल्यावर तोच भार कडेला ओढतो.

सायकलींचं वजन खोक्यावरच्या आकड्यावरून घेऊ नका. कापसाची वेचणी सुरू होतीच, तेव्हा वेचलेला कापूस मोजायचा लटकता काटा आडव्या बल्लीला टांगला आणि सायकली सीटखाली दोरी घालून त्याला लटकवल्या. हायब्रीड १२.४ किलो, एमटीबी (डोंगरी सायकल) १४.६. स्टँड, मडगार्ड आणि घंटीसकट. दोन ट्रे ८.४ आणि बार-पाय ६.२ धरून बेरीज ४१.६ किलो. मुलीची वीस इंची सायकल ११ किलोची निघाली. तिचा ट्रे धरून आकडा ५६.८ वर जातो. म्हणून ती अजूनही डिक्कीतच जाते. दांडीची काळी सायकल असेल तर आधी काट्याला लावा, ती सहज वीस किलोच्या वर भरते, आणि बऱ्याच ट्रेंची मर्यादा १७ किंवा २० किलोच असते.

१५ ऑक्टोबरला तालुक्यात फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याचं म्हणणं सरळ: “काहून चाळीस हजार घालता भाऊ? साडेतीन हजारात करून देतो. ट्रॅक्टर चढवा त्याच्यावर, हालत नाही.” हलणार नाही हे खरंच. पण हिशेब करून पाहा. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला साधारण १.४४ किलो भरतो. पूर्ण कॅरिअरला नऊ मीटर पाइप, म्हणजे १३ किलो, क्लिप-बोल्ट धरून साडेचौदा. त्यावर ट्रे आणि सायकली चढल्या की ४९.९. काटा पन्नासला टेकला. शिवाय उघड्या टपाला तो धरवायचा कशाला? त्याच्याकडे पन्हळीला धरणाऱ्या क्लिपा होत्या. पन्हळवाली जीप असेल तर मी आजही त्याच्याकडेच जाईन. पन्हळ लांबभर असते, भार विभागला जातो, दुरुस्तीही गावात होते. उघड्या टपाच्या हॅचबॅकला मात्र तो मार्ग नाही.

डिक्कीवर पट्ट्यांनी बांधायचा मागचा कॅरिअर चार-सहा हजारांत येतो. त्याने आमची नंबरप्लेट आणि एक टेललॅम्प झाकला जात होता, म्हणून तो बाद. हवेच्या गाद्या किंवा दारातून बेल्ट ओढून बांधायचे मऊ पॅडही पाहिले. दोन सर्फबोर्डना ठीक. सायकलीचा भार एका नळीवर उभा असतो, त्याला कडक बारच लागतो.

मग ट्रे. यात वेळ घालवा, बारपेक्षा जास्त.

तीन प्रकार आहेत. पहिल्यात दोन्ही चाकं ट्रेमध्ये आणि ट्रेचा एक हात येऊन फ्रेमची खालची तिरपी नळी धरतो. दुसऱ्यात पुढचं चाक काढून ते धरणारा सायकलीचा चिमटा (फोर्क) ट्रेला बांधतात. सायकल खाली बसते, वारा कमी लागतो, पण चाक वेगळं ठेवावं लागतं आणि एक्सल जुळावा लागतो. साध्या क्विक रिलीजचा (खटका फिरवून चाक सुटतं तो) एक्सल ९ मिलिमीटरचा, आरपार जाणारा थ्रू-एक्सल १२ किंवा १५ चा, त्याला वेगळा अडॅप्टर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असताना कुणी लिव्हर दाबला, तर पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये प्लास्टिकचा तुकडा, नाही तर जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवायची. तिसऱ्या प्रकारात फ्रेमला हातच लागत नाही, पकड पुढच्या चाकावर असते. कार्बन फ्रेमवाल्यांनी हाच किंवा दुसरा घ्यावा, कार्बनच्या नळीवर पकड आवळू नये. मडगार्ड मात्र तिसऱ्याला आडवं येतं.

आमच्या दोन्ही फ्रेम ॲल्युमिनियमच्या, एकीला मडगार्ड. म्हणून पहिला प्रकार. पकडीवर गोल नळीसाठी २२ ते ८० मिलिमीटर लिहिलं होतं. सुतळी नळीभोवती गुंडाळून घेर मोजला आणि ३.१४ ने भागला: ४४ आणि ५१. बसतं. ब्रेकच्या केबल खालच्या नळीच्या बाहेरून जात असतील तर पकड त्यांना दाबणार नाही ना तेही पाहा. आमच्या एमटीबीची केबल दाबली जात होती, पकड चार बोटं वर सरकवावी लागली. दांडी नसलेल्या लेडीज सायकलीला ही पकड नीट जागा देत नाही. तिच्यासाठी सीटची नळी ते हँडल असा खोटा दांडा मिळतो, पण तो पक्का नसेल तर सायकल त्याच्यासकट फिरते. तिला तिसरा प्रकारच बरा.

आता बार. चौकोनी लोखंडी बार स्वस्त, दणकट आणि आवाजी. पंखाच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे महाग, हलके, आणि वरच्या खाचेत ट्रेचा टी-बोल्ट (इंग्रजी टी-च्या आकाराच्या डोक्याचा बोल्ट) सरकतो. ही खाच सगळ्यांची सारखी नसते. २० मिलिमीटर आणि २४ मिलिमीटर अशा दोन मापांचे टी-बोल्ट चालतात, ट्रे घेताना ते विचारा. बारची लांबी टपाच्या रुंदीवर ठरते. बार आरशांच्या बाहेर गेला की उतरताना कपाळ फुटतं, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. आम्ही ११८ सेंटिमीटरचे घेतले.

२५ ऑक्टोबरला, दिवाळी उलटल्यावर, ऑर्डर टाकली. बार, चार पाय आणि किट मिळून २१,९०० रुपये. ट्रे ९,२०० चे दोन, म्हणजे १८,४००. कुलपांचा संच १,९००. लांब खोक्याचं जादा भाडं ६५०. वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, बहुतेकांवर आधी २८ होता. दुकानदार जुन्या छापील किमतीवर बोलत असेल तर बिलात कराची ओळ पाहून घ्या.

लांब खोकं गावात येत नाही हे धरूनच चला. कुरिअरच्या यादीत आमचा पिनकोड होता, पण सव्वा मीटरचं खोकं मोटरसायकलवर कोण आणणार? ३ नोव्हेंबरला फोन आला, तालुक्याला येऊन घेऊन जा. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो त्याच माणसाने जावं, नाही तर दुसरी चक्कर पडते. खोकं तिथेच उघडून चारही पाय, दोन्ही बार आणि रबरं मोजली.

४ तारखेला किट लावून पाहिलं आणि चूक कळली. रबराची गादी टपाच्या कडेवर सपाट बसायला हवी, ती पुढच्या टोकाला टेकत होती आणि मागच्या टोकाखाली मोबाइलचं सिमकार्ड सहज सरकत होतं. आकडाही चौकटीच्या ओठाला अर्धाच धरत होता. जोर लावला असता तर बसलं असतं, आणि तिथेच टप दबला असता. कारण असं: ऑर्डरमध्ये गाडीचं साल २०१८ लिहिलं होतं, कारण नोंदणी २०१८ ची. आरसी पुन्हा काढली तर उत्पादनाचा महिना-वर्ष डिसेंबर २०१७. याच दोन सालांच्या मध्ये त्या मॉडेलची बॉडी बदलली. नाव तेच, टप वेगळा. किट नोंदणीच्या सालावर कधीच मागवू नका. आरसीवरचं उत्पादनाचं साल आणि गाडीचा फोटो दोन्ही विक्रेत्याला पाठवा.

बदलून द्यायला विक्रेता लगेच तयार झाला, पण घरून परत नेण्याची सोय आमच्या पिनकोडला नव्हती. ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुटी, पोस्ट बंद. ६ तारखेला स्पीड पोस्टने पाठवलं, ११० रुपये. पावती, खोक्याचा फोटो आणि ट्रॅकिंग नंबर ठेवला. त्याच दिवशी ट्रे आले आणि ओसरीत पडून राहिले. बरोबरचं किट हाती पडलं २४ नोव्हेंबरला. वाट पाहायचा कंटाळा आला होता हे कबूल करायला हरकत नाही. ‘थोडं रबर कापून बसतंय का पाहू’ हा विचार घरात दोनदा बोलून झाला. कापू नका.

मधल्या दिवसांत कागद उरकले. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. बोल्ट सोडून अर्ध्या तासात निघणाऱ्या, भोक नसलेल्या बारने आरसीतली कुठलीच ओळ बदलत नाही, असा आमचा अर्थ. तरीही बिलं आणि बारचं माहितीपत्रक गाडीत ठेवतो. विमा कंपनीला २६ नोव्हेंबरला मेल केला: बिलाची प्रत, बसवल्यावर फोटो पाठवतो असं एक वाक्य, आणि ‘नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’ या सदरात किंमत धरा अशी विनंती. ३ डिसेंबरला उत्तर आलं, नूतनीकरणाच्या वेळी त्या रकान्यात भरा. सायकली मात्र गाडीच्या विम्यात येत नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवारी सकाळी बसवलं. दोन माणसं, एक स्टूल, मेजर टेप, ओलं फडकं. आमच्याकडे फडकं सगळ्यांत महत्त्वाचं. काळ्या मातीची धूळ टपाच्या कडेला पिठासारखी बसते, आणि त्यावरच गादी आवळली की ती पॉलिश पेपरसारखी रंग खाते. आधी पाण्याने, मग कोरड्या फडक्याने, गादीची खालची बाजूही.

टप मागे निमुळता होतो, म्हणून पुढचे-मागचे पाय एकाच मापाला येत नाहीत. किटच्या कागदावर बारच्या खुणा वेगळ्या दिलेल्या असतात, आणि गाद्यांवर व आकड्यांवर डावा-उजवा, पुढचा-मागचा असे नंबर असतात. ते अदलाबदल झाले की काहीच जुळत नाही. आमचा पुढचा बार काचेच्या वरच्या कडेपासून २९ सेंटिमीटर मागे आणि दोन बारांमध्ये ७० सेंटिमीटर. ही मापं आमच्या गाडीची, तुमच्या कागदावरची वापरा.

चारही दारं उघडी ठेवून आकडे अडकवा. दाराच्या चौकटीची रबरी पट्टी (बिडिंग) आकड्याखाली चेपली जात नाही ना ते बोटाने चाचपा. मग डावीकडे चार फेरे, उजवीकडे चार फेरे, असं आलटून-पालटून आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर बार तिकडे ओढला जातो. सोबतची चावी ठरावीक ताणाला कट्ट वाजते, तिथे थांबा. पाइप घालून ताकद वाढवायची हौस इथे करू नये. शेवटी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. आमच्या डाव्या मागच्या दाराला ती लोण्यासारखी निघून आली, बिडिंग दुमडली होती. तसंच राहिलं असतं तर पहिल्याच पावसात सीट भिजली असती. पाय सोडून पुन्हा लावला, पट्टी अडकली, काम झालं.

ट्रे बसवताना डिक्की उघडून पाहा. आमची डिक्की ट्रेच्या शेपटाला ठोकत होती, ट्रे नऊ सेंटिमीटर पुढे घ्यावे लागले. दोन सायकली उलटसुलट तोंडांनी ठेवल्या की हँडलं भिडत नाहीत. जड एमटीबी ड्रायव्हरच्या बाजूला ठेवतो, थांबून पट्टे तपासायला तीच आधी हाताशी येते. चढवण्याआधी पंप, बाटली, सीटखालची पिशवी, लाइट काढून घ्या. पट्टे आवळल्यावर सायकलीला धरून जोरात हलवा: सायकलीबरोबर अख्खी गाडी डोलली पाहिजे. सायकल एकटी डोलली तर पकड ढिली आहे. खात्रीसाठी प्रत्येकी १८० रुपयांचे दोन बेल्ट घेतले, चाकाच्या रिममधून बारला. बेल्टची लोंबती टोकं गाठ मारून खोचा, नाही तर पन्नास किलोमीटर टपावर ढोल वाजतो.

उंची मोजली: जमिनीपासून हँडलच्या टोकापर्यंत २ मीटर ७२. कागदावर ‘पावणेतीन मीटर, नऊ फूट’ लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवला. हायवेवर याची अडचण नाही. अडचण घराजवळ. टिनाचा शेड आठ फुटांचा, गल्लीत आडवी लोंबणारी सर्व्हिस वायर, पांदणीवर वाकलेल्या बाभळी आणि रेल्वेखालचे बोगदे, ज्यांच्या तोंडाशी उंचीचा लोखंडी आडवा असतो. नागपुरातल्या काही मॉलच्या तळघरातही तेच. चिखलदऱ्याला जायचं तर आम्ही परतवाड्यातच सायकली उतरवणार आहोत. घाट चढायलाच तर त्या नेतो.

चाचणी आधी पांदणीवर तीन किलोमीटर, मग डांबरी रस्त्यावर वीस. थांबून चावी लावली तर पुढचे दोन पाय अर्धा-अर्धा फेरा आवळले गेले. रबर बसतं, त्यामुळे पहिल्यांदा हे होणारच. आम्ही निघताना, पहिल्या पन्नास किलोमीटरला आणि परत निघताना असं तीनदा पाहतो.

१३ डिसेंबरला पहिली फेरी. वेग ८० च्या वर नेला नाही. कापसाच्या गंज्या भरलेला ट्रक समोरून गेला की झोत बसतो आणि गाडी हातभर सरकल्यासारखी वाटते. पहिल्या दोन वेळा पोटात गोळा आला. नुसत्या बारची शिट्टी वाजत होती, ती खाचेत रबरी पट्टी पूर्ण भरल्यावर थांबली, आम्ही ती अर्धीच भरली होती. गाडी एरवी लिटरला १९ देते, सायकलींसकट १६ दिले. एकूण खर्च बेल्ट आणि पोस्ट धरून ४३,३२० रुपये.

वापर नसताना बार काढून ठेवतो. उन्हाळ्यात तर नक्कीच काढणार, पट्ट्यांचं रबर आणि नायलॉन आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टिकवायचं असेल तर ते सावलीतच हवं. काढताना चारही पायांच्या जागी, रंग न उखडणाऱ्या टेपचा बोटभर तुकडा टपावर लावून ठेवलाय, म्हणजे पुढच्या वेळी मोजायला नको. पाय, आकडे आणि चावी स्टीलच्या डब्यात. झाकणाच्या आतल्या बाजूला किटचा नंबर, बारच्या खुणा आणि कुलपाच्या चावीवरचा आकडा लिहिला आहे. चावी हरवली तर नवी त्याच आकड्यावर मिळते.